थेंबाची विद्या

पहाटेच्या धुक्यांत असंख्य जलकण प्रकाश चहूंकडे विखुरतात आणि दहा पावलांवरचें झाडही दिसेनासें होतें. परंतु त्याच पाण्याचा एकच थेंब पानावर स्थिरावला, कीं खालची शीर मोठी होऊन दिसते. पाण्याचा स्वभाव दोन्हीकडे एकच. गोल थेंब प्रकाश वळवून एकत्र आणतो आणि मग पसरून देतो.

हें रहस्य प्रथम उलगडलें तें इंद्रधनुष्याच्या निमित्तानें. आकाशांतील थेंबाच्या पोटांत डोकावणार कसें? चौदाव्या शतकाच्या प्रारंभीं इराणांतील कमालुद्दीन अल् फारिसी आणि जर्मनींतील धर्मोपदेशक थिओडोरिक या दोघांस स्वतंत्रपणें एकच युक्ति सुचली. पाण्यानें भरलेला कांचेचा गोल त्यांनीं मोठा थेंब मानिला. किरण आंत शिरतांना वळतो, मागील बाजूवर परावर्तन पावतो व बाहेर पडतांना पुन्हा वळतो, हें त्यांनीं दाखविलें. पुढें १६३७ मध्यें देकार्तनें धनुष्याचा सुमारें ४२ अंशांचा कोन गणितानें सिद्ध केला.

कांचेच्या गोलानें आणखी एक जग उघडलें. तापलेल्या कांचेच्या तंतूच्या टोकास मणी कसा बनतो, हें रॉबर्ट हूकनें १६६५ मध्यें छापून प्रसिद्ध केलें. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक यानें आपल्या चिमुकल्या भिंगांतून पाहिलेल्या सूक्ष्म जीवांचें वर्णन १६७६ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. भिंगाची कृति मात्र त्यानें जन्मभर गुप्त ठेविली. अखेर २०२१ मध्यें, त्याचें एक यंत्र न उघडतां न्यूट्रॉन-किरणांनीं तपासलें, तेव्हां आंत हूकच्या रीतीचाच मणी आढळला!

पुढें अनेक भिंगांच्या यंत्रांनीं मण्यास मागें सारिलें. पण त्यांसही मर्यादा होती. प्रकाशलहरीच्या सुमारें निम्म्याहून, म्हणजे साधारण २०० नॅनोमीटरहून, बारीक तपशील त्यांतून वेगळा दिसत नाहीं, असें १८७३ मध्यें अर्न्स्ट आबेनें दाखविलें. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) १९०८ मध्यें गुस्ताफ मी यानें लहरीएवढ्या गोल कणांवरून प्रकाश कसा विखुरतो याचें गणित मांडलें. त्याच गणिताच्या वाटेनें जातां पुढें असें दिसून आलें, कीं सूक्ष्म पारदर्शक गोल आपल्या पाठीशीं प्रकाशाची अतिशय अरुंद, तेजस्वी धार निर्माण करतो. २०११ मध्यें संशोधकांनीं कांहीं सहस्रांश मिलिमीटर व्यासाचे असे मणी वस्तूवर ठेवून साध्या पांढऱ्या प्रकाशांत ५० नॅनोमीटरचा तपशील पाहिला.

मोठमोठ्या भिंगांची सीमा जेथें आली, तेथें मागें पडलेला मणीच पुन्हा कामीं आला.