बँडची धून आणि देवीचे स्तोत्र : बंगळूर, तंजावर, म्हैसूर

१. प्रस्तावना

हा पाठ वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करून पाहा. ब्रिटनच्या राष्ट्रगीताची चाल ऐका. लंडनच्या नाट्यगृहांत १७४५ साली ती गाजली आणि पुढे इंग्रजी फौजेबरोबर जगभर पोहोचली. मग कर्नाटक संगीतातली मुत्तुस्वामी दीक्षितरांची 'संततं पाहि माम्' ही संस्कृत रचना ऐका. दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचायच्या आतच तुमच्या लक्षात येईल की चाल तीच आहे. फक्त शब्द बदलले आहेत, भाषा बदलली आहे आणि राजाच्या जागी देवी आली आहे.

गाजलेली परकी धून उचलायची आणि आपल्या परंपरेच्या साजात बसवायची, ही गोष्ट आजच्या बँडांनी शोधून काढलेली नाही. दक्षिण भारतात ती सव्वादोनशे वर्षांपूर्वी घडली. तिच्या कथेत एक मराठी राजघराणे आहे आणि तिची सुरुवात व शेवट दोन्ही बंगळूरला होतात. या पाठात आपण तीन प्रश्न पाहणार आहोत : धून कुठून आली, ती कशी बदलली, आणि या बदलाचा अर्थ इतिहासाच्या अभ्यासकाने कसा लावावा.

२. बंगळूरहून तंजावरला

१६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांचा दरबार तेथे भरत असे. मराठी, कन्नड, संस्कृत, तेलुगू अशा अनेक भाषांतले कवी आणि कलावंत तेथे एकत्र येत. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. पुढे १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले.

भोसल्यांनी बंगळूर सोडले, पण बहुभाषिक दरबाराची सवय त्यांनी तंजावरला नेली. एकोजींचे पुत्र शहाजी यांनी तेलुगू, संस्कृत आणि मराठीत नाटके रचली. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगापेक्षा सुमारे दीडशे वर्षांनी जुने आहे. पहिले तुळजाराजे यांनी 'संगीतसारामृत' हा ग्रंथ लिहिला. एकाच मंचावर अनेक भाषा आणि अनेक चाली नांदणे या दरबाराला नवे नव्हते. पुढे इंग्रजी बँडची भर पडली तेव्हा ती या सवयीवर पडली, हे ध्यानात ठेवा.

३. धून कोण वाजवत होते?

मुत्तुस्वामी दीक्षितरांचा जन्म १७७५ साली तंजावर राज्यातील तिरुवारूर येथे झाला. त्यांचे वडील रामस्वामी दीक्षितर हे स्वतः मोठे वाग्गेयकार होते. मद्रासजवळच्या मणली येथील मुदलियार घराण्याच्या आश्रयाने हे कुटुंब तिकडे राहायला गेले. मुदलियार कंपनी सरकारचे दुभाषी होते, त्यामुळे सेंट जॉर्ज किल्ल्यातला बँड ऐकण्याची संधी दीक्षितर बंधूंना मिळाली. धाकटे बंधू बालुस्वामी तेथेच युरोपीय शिक्षकाकडे व्हायोलिन शिकले. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक संगीताची मैफल क्वचितच होते. या बदलाच्या सुरुवातीला ज्यांचे नाव घेतले जाते त्यांत बालुस्वामी आघाडीवर आहेत.

आता बँडकडे वळू. संगीताच्या इतिहासात रचनाकाराचे नाव राहते, वाजवणाऱ्याचे राहत नाही. पण कंपनीच्या कागदपत्रांतून वाजवणाऱ्यांची स्थिती कळते. ज्यांचे आई आणि वडील दोघेही युरोपीय नाहीत अशांना लष्करी अधिकारपदे बंद करणारे ठराव कंपनीने १७९० च्या दशकात केले. १७९५ च्या ठरावाने त्यांच्यासाठी मोजकी कामे शिल्लक ठेवली : बासरीवाले, ढोलवाले, बँडवाले आणि घोड्यांना नाल मारणारे. बाप इंग्रज आणि आई भारतीय अशा मुलाला पलटणीचे नेतृत्व करता येत नव्हते. पलटणीपुढे वाद्य वाजवत चालता मात्र येत होते. राजाचे गुणगान करणारी धून वाजवण्याचे काम त्या राजाच्या राज्यात बढती नाकारलेल्यांकडे होते.

४. नोट्टुस्वर : रचना कशी होते?

या युरोपीय चालींवर दीक्षितरांनी सुमारे चाळीस रचना बांधल्या. त्यांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. इंग्रजी 'नोट' या शब्दाला तमिळ वळण मिळून 'नोट्टु' झाले. रचना संस्कृतात आहेत आणि चाली इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड अशा ठिकाणच्या नाचांच्या, गाण्यांच्या आणि कवायतीच्या आहेत.

हा बदल तांत्रिकदृष्ट्या कसा साधला, ते चार मुद्द्यांत पाहू.

अ) सप्तक : पाश्चात्त्य मेजर स्केल म्हणजे आपले सर्व शुद्ध स्वर. हिंदुस्थानी पद्धतीत त्याला बिलावल थाट म्हणतात आणि कर्नाटक पद्धतीत शंकराभरण. परकी धून या रागाच्या स्वरांत आयती बसत होती. त्यामुळे दीक्षितरांना चाल मोडावी लागली नाही, तिला फक्त राग दाखवावा लागला.

आ) गमक : कर्नाटक संगीतात स्वर क्वचितच सरळ उभा राहतो. तो आंदोलित होतो, शेजारच्या स्वराला स्पर्श करून येतो. नोट्टुस्वरांत ही गमके जवळजवळ नाहीत, स्वर बँडसारखे सुटे आणि सरळ येतात. ज्या दीक्षितरांच्या इतर कृती संथ, गमकांनी भरलेल्या आणि गंभीर असतात, त्यांनी येथे जाणूनबुजून हात आवरला आहे.

इ) लय : राष्ट्रगीताची चाल तीन मात्रांची आहे, कवायतीच्या चाली चार मात्रांच्या. दोन्हींसाठी कर्नाटक तालपद्धतीत सोपे छोटे ताल होतेच.

ई) शब्द : चालीत स्वर भरभर येतात, म्हणून शब्दही लहान लहान अक्षरांचे हवेत. संस्कृत समासांची लघु-गुरू रचना या कामी आली. या चिमुकल्या गाण्यांतही दीक्षितरांनी आपली 'गुरुगुह' ही मुद्रा गुंफली आहे. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' येते, तशीच ही खूण.

थोडक्यात, त्यांनी चाल तशीच ठेवली, गमक काढले आणि शब्द, देवता व मुद्रा स्वतःची घातली. काय ठेवले आणि काय बदलले याची अशी यादी करणे, ही सांस्कृतिक देवाणघेवाण अभ्यासण्याची पहिली पायरी आहे.

या रचना आपल्यापर्यंत कशा पोहोचल्या, हेही पाहा. ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार यांनी १८९३ मध्ये भारतीय संगीत युरोपीय स्वरलिपीत छापण्याचा उपक्रम सुरू केला. त्यांच्याच प्रोत्साहनाने बालुस्वामींचे नातू आणि दत्तक पुत्र सुब्बराम दीक्षितर यांनी १९०४ साली 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कानाने उचललेल्या चालींचे भारतीय रूप टिकवण्यासाठी शेवटी पाश्चात्त्य स्वरलिपी आणि छापखान्याचीही मदत झाली.

५. अर्थ कसा लावायचा?

येथे तुम्हांला दोन टोकांची मते ऐकायला मिळतील. पहिले मत म्हणते की ही सत्ताधाऱ्यांची नक्कल आहे. दुसरे म्हणते की हा मूक प्रतिकार आहे, जेत्याचे गीत काढून घेऊन ते देवीला वाहिले. दोन्ही मते आकर्षक आहेत. दोन्ही पुराव्यावर तपासून पाहू.

नक्कल करणारा मूळ वस्तूचा हेतू सहसा टिकवतो. येथे हेतू पूर्ण बदलला आहे. मूळ गीतात देवाने राजाचे रक्षण करावे अशी प्रार्थना आहे. 'संततं पाहि माम्' याचा अर्थ 'सदैव माझे रक्षण कर' असा होतो. राजा गेला, त्याच्या जागी भक्त आला. संबोधन संगीतश्यामला या देवीला आहे, जी स्वतः संगीताची देवता आहे. निव्वळ नकलेत असे घडत नाही.

पण म्हणून ही बंडखोरी ठरते का? एवढ्याने नाही. हे कुटुंब कंपनीच्या दुभाष्याच्या आश्रयाला होते आणि रचनांत राजकीय टीकेचा शब्द नाही. आपल्याला आवडणारा अर्थ भूतकाळाच्या तोंडी घालायचा मोह येथे टाळला पाहिजे. पुरावा इतकेच सांगतो : एका सिद्धहस्त कारागिराला नवी वस्तू मिळाली, तिचा घाट त्याला आवडला आणि त्याने ती आपल्या घरातल्या कामाला लावली. माझ्या मते हा अर्थ अधिक टिकाऊ आहे, कारण तो शब्द, स्वर आणि परिस्थिती या तिन्हींशी जुळतो.

६. तंजावरचा राजवाडा : सत्ता गेली, वाद्ये राहिली

तंजावरच्या सरफोजीराजांचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते. १७९८ साली ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. लढाई करायची नाही, कर बसवायचा नाही, न्याय द्यायचा तो किल्ल्याच्या आत. अशा राजाने करायचे काय?

सरफोजींनी ग्रंथ जमवले, सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले. भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. पाश्चात्त्य वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके मागवून दरबारी बँड उभा केला. त्याच वेळी 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठी नृत्यरचनाही त्यांच्या नावावर आहेत. एका दालनात मराठी पदांवर नृत्य आणि दुसऱ्या दालनात बँड, असा हा दरबार होता.

याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ वाढले. ते दीक्षितरांचे शिष्य. आज भरतनाट्यमचा जो मार्ग शिकवला जातो, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, त्याची घडी या बंधूंनी बसवली. वडिवेलू व्हायोलिनमध्ये इतके निपुण झाले की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. नृत्याच्या साथीला क्लॅरिनेटही एकोणिसाव्या शतकात तंजावर भागातच रुळले. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी वारले, औरस पुत्र नसल्याने कंपनीने गादी खालसा केली आणि आश्रय तुटलेले कलावंत इतरत्र पांगले.

७. म्हैसूर आणि पुन्हा बंगळूर

चिन्नय्या त्याआधीच म्हैसूरला तिसरे कृष्णराज वोडेयार यांच्या दरबारी गेले होते. पुढे म्हैसूरच्या राजवाड्यात दोन बँड नांदू लागले, एक इंग्रजी आणि एक कर्नाटकी. दुसऱ्या बँडमध्ये पाश्चात्त्य वाद्यांवर कर्नाटक कृती वाजत. म्हणजे आता प्रवास उलटा होता : दीक्षितरांनी परकी चाल देशी कंठात आणली, म्हैसूरकरांनी देशी कृती परक्या वाद्यांत घातली. नाल्वडी कृष्णराज वोडेयारांच्या दरबारातील हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतर यांनी शंकराभरणात 'इंग्लिश नोट' रचली आणि मदुराई मणी अय्यर यांच्या गळ्यातून ती मैफलींत लोकप्रिय झाली. हा दुहेरी वारसा आज कर्नाटक पोलिसांच्या बँडांनी चालवला आहे. म्हैसूरच्या दसऱ्यात ते ऐकायला मिळतात.

बंगळूरला १८०९ साली इंग्रजांनी छावणी वसवली आणि पलटणींबरोबर त्यांचे बँडही आले. कब्बन पार्कमधला बँडस्टँड आजही त्याची साक्ष देतो. त्याच शहरात आपल्या काळात रघु दीक्षित यांनी संत शिशुनाळ शरीफ यांची एकोणिसाव्या शतकातली कन्नड तत्त्वपदे गिटार आणि ड्रमच्या साथीने तरुणांपर्यंत नेली.

८. 'पारंपरिक' म्हणजे किती जुने?

शेवटी थोडे जगाकडे पाहू. हाइमाटडामिश नावाचा बव्हेरियातला बँड जगभर गाजलेली पॉप गाणी आल्प्सच्या लोकशैलीत वाजवतो : अकॉर्डियन, क्लॅरिनेट, तुतारीसारखी पितळी वाद्ये आणि नाचरी लय. ऐकणाऱ्याला वाटते की जुन्या परंपरेत नवे गाणे घातले. पण ही 'ओबरक्रायनर' शैली स्लोव्हेनियाच्या स्लावको आवसेनिक यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या वाद्यवृंदातून रूढ झाली. रेडिओने तिला घरोघरी नेले. म्हणजे ती ज्या गाण्यांना 'जुना' साज चढवते, त्यांतली काही तिच्याहून फार लहान नाहीत.

कर्नाटक संगीतातले व्हायोलिनही असेच. आज ते परंपरेचे प्रतीक वाटते, पण दोनशे वर्षांपूर्वी ती पाहुणी वस्तू होती. परंपरा जुन्या वस्तूंची पेटी नसते. काय आत घ्यायचे आणि कोणत्या अटीवर, हे ठरवण्याची ती रीत असते. ही रीत जिवंत असेल तर परकी धूनही घरची होते.

९. समारोप

बंगळूरच्या दरबारातून बहुभाषिक सवय तंजावरला गेली. मद्रासच्या किल्ल्यातली धून दीक्षितरांच्या कानात शिरली. तंजावरची विद्या म्हैसूरला पोहोचली. या साखळीत सत्ता सतत हरत गेली आणि कला सतत जागा शोधत राहिली. मात्र या कथेत दीक्षितरांचे नाव आहे, सरफोजींचे आहे, किल्ल्यात ती धून प्रत्यक्ष वाजवणाऱ्या मुलांचे नाव नाही. पुढच्या वेळी लग्नाच्या वरातीत बँडवाले तुमच्या ओळखीचे गाणे वाजवतील, तेव्हा त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : हे गाणे तुम्ही कोणाकडून शिकलात? इतिहासाचे साधन असेही गोळा होते.

विचारासाठी प्रश्न

१. नोट्टुस्वरांत मूळ चालीतले काय टिकले आणि काय बदलले, ते चार मुद्द्यांत लिहा.
२. १७९५ च्या ठरावाचा आणि बँडसंगीताचा संबंध स्पष्ट करा.
३. 'नक्कल' आणि 'प्रतिकार' या दोन्ही अर्थांच्या मर्यादा सांगा.
४. तुमच्या गावातली भजनी मंडळी किंवा बँडपथक चित्रपटगीताच्या चालीवर काय गाते किंवा वाजवते? एक उदाहरण ऐकून त्यातील बदलांची नोंद करा.