परतलेल्या पाहुण्याचा पत्रव्यवहार

परदेशांत राहून आलेल्या माणसाच्या स्नेहाची खरी परीक्षा तो स्वदेशीं परतल्यावर होते. निरोप घेतांना दिलेलीं वचनें बहुधा मनापासूनच दिलेलीं असतात. परंतु घरच्या कामांचा पसारा सुरू झाला, म्हणजे पहिल्या वर्षीं चार पत्रें, दुसऱ्या वर्षीं एक, आणि पुढें केवळ आठवण, असा क्रम लागतो. समुद्रापारचा चेहरा क्षणार्धांत दाखविणारीं साधनें आतां हातीं आलीं, तरी हा क्रम फारसा पालटलेला नाहीं. मग स्नेह टिकतो तो कशाच्या बळावर? सातव्या शतकांतील एका लहानशा पत्रव्यवहारांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग मराठी वाचकांस परिचित आहे, तो मुख्यतः दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचें वर्णन करणारा म्हणून. या देशचे लोक उपकार स्मरणारे व अपकाराचा सूड घेणारे आहेत, ही त्याची नोंद आपल्या इतिहासग्रंथांतून वारंवार येते. परंतु भारत सोडून गेल्यावर येथील मित्रांशीं त्याचा संबंध कसा राहिला, याची चौकशी आपण क्वचितच करतों.

इ. स. 645 मध्यें तो चांगआन या राजधानींत परतला, तेव्हां त्याच्याबरोबर वीस घोड्यांवर लादलेले 657 ग्रंथ होते. राजाश्रय मिळाला, साहाय्यक मिळाले, आणि भाषांतराचें प्रचंड काम सुरू झालें. जुन्या मित्रांचा विसर पडण्यास याहून सबळ निमित्त कोणतें हवें? अशा वेळीं, इ. स. 652 मध्यें, बुद्धगयेच्या महाबोधि विहाराकडील एक भिक्षु चांगआनला येऊन पोहोंचला. चिनी ग्रंथांत त्याचें नांव फा-चांग असें दिलें आहे. ज्ञानप्रभ व प्रज्ञादेव या दोघां पंडितांकडून त्यानें क्षेमकुशल आणलें होतें.

ज्ञानप्रभ हा नालंदेचे आचार्य शीलभद्र यांच्या शिष्यांत अग्रगण्य, म्हणजे ह्युएनत्संगाचा गुरुबंधु. त्याचा स्नेह सहज समजण्याजोगा आहे. प्रज्ञादेवाची गोष्ट मात्र निराळी. तो हीनयानाच्या अठराही पंथांच्या ग्रंथांत निष्णात होता, आणि हर्षानें कनोज येथें भरविलेल्या धर्मसभेंत महायानाचा पक्ष मांडणाऱ्या ह्युएनत्संगापुढें त्यास हार पत्करावी लागली होती. भर सभेंत ज्यानें आपणांस निरुत्तर केलें, त्यास सुमारें नऊ वर्षांनीं आपण होऊन पत्र पाठविणें हें लहान मनाचें काम नव्हे. तें पत्र नम्र आहे. त्यांत ह्युएनत्संगास मोक्षाचार्य असें संबोधिलें आहे. हीनयानी पंडितांनीं त्याचा ज्या नांवानें गौरव केला होता, त्याचेंच हें रूप. पत्रासोबत पांढऱ्या कापडाची एक जोडी धाडली आहे. वाट दूरची असल्यामुळें भेट अल्प आहे, ती गोड मानून घ्यावी, अशी विनंती केली आहे. आणि शेवटीं एक कामाची गोष्ट लिहिली आहे: जे ग्रंथ हवे असतील त्यांची यादी पाठवावी, म्हणजे नकला करून पाठवूं.

फा-चांग परत निघाला तो 654 मध्यें. त्याच्याच हातीं ह्युएनत्संगानें दोघांसही उत्तरें दिलीं. भारतांतून परतलेल्या एका राजदूताकडून शीलभद्रांच्या निर्वाणाची वार्ता त्यास पूर्वींच कळली होती. ज्ञानप्रभास लिहितांना तो गुरूसाठीं शोक करतो, आणि लगेच आपल्या कामाचा हिशेब देतो: योगाचारभूमि वगैरे ग्रंथांचें भाषांतर झालें, अभिधर्मकोशाचें चालू आहे, तें याच वर्षीं पुरें होईल. ज्यांच्यापाशीं बसून योगाचारभूमीचा अभ्यास केला ते गुरु गेले. त्यांच्या पट्टशिष्यास या हिशेबाहून अधिक समर्पक सांत्वन कोणतें पाठवावयाचें?

प्रज्ञादेवास लिहिलेल्या पत्रांत कनोजच्या वादाचा उल्लेख त्यानें टाळलेला नाहीं. वाद चालू असतां कोणीं कोणाची भीड धरली नाहीं, कांहीं कठोर शब्द निघाले. पण सभा संपली तेव्हांच मनांतील किल्मिषही संपलें, असा त्याचा आशय आहे. इतकें म्हणून तो मित्रास पुनः महायानाकडे वळण्याचा आग्रह करतो! मतभेद झांकून ठेवून मैत्री राखण्याची युक्ति या दोघांसही मान्य नव्हती.

याच उत्तरांबरोबर एक यादी गेली. भारतांतून परततांना सिंधु नदींत वादळानें नाव हेलकावली, आणि ग्रंथांचें एक ओझें पाण्यांत गेलें. त्यास आतां सुमारें दहा वर्षें लोटलीं होतीं. त्या हरवलेल्या ग्रंथांचीं नांवें देऊन, कोणी येणारा असल्यास ते पाठवावे, अशी विनंती ह्युएनत्संगानें ज्ञानप्रभास केली.

आम्हांस या पत्रव्यवहाराचें मर्म या यादींत दिसतें. केवळ क्षेमकुशल विचारणारें पत्र दुसऱ्यावर उत्तराचें ओझें टाकतें, पण त्यास करावयास कांहींच देत नाहीं. म्हणून तें मागें पडतें, मागें पडल्याची लाज वाटूं लागते, आणि त्या लाजेनेंच पुढील पत्र अडतें. उलट, कांहीं मागणें म्हणजे तुमच्यावांचून माझें अडतें असें सांगणें होय. प्रज्ञादेवानें सेवा देऊं केली. ह्युएनत्संगानें ‘कांहीं नको, आपली कृपा असावी’ असें कोरडें सौजन्य न दाखवितां खरी गरज कळविली. आपल्याकडे संकोचामुळें नेमकें हेंच होत नाहीं. दूरच्या मित्रास त्रास कशाला, म्हणून आपण कांहीं मागत नाहीं, आणि हळूहळू त्यास आपल्या आयुष्यांतून वगळून टाकतों.

ह्युएनत्संग 664 मध्यें वारला. हीं पत्रें त्याच्या चिनी चरित्रांत राहिलीं, म्हणूनच आज वाचावयास मिळतात; प्रज्ञादेवाच्या मूळ संस्कृत पत्राचा येथें मागमूसही नाहीं. ज्या देशांतून पाहुणा गेला, त्या देशाच्या मित्रांचीं नांवें पाहुण्याच्या देशानें जपलीं. ज्याच्याशीं भर सभेंत वाद घातला, त्याचें पत्र शिष्यांनीं गुरूच्या चरित्रांत आदरानें उतरून ठेवलें, हें वाचून त्या दोघांविषयीं आमचा आदर सारखाच वाढतो.