छिन्नमनस्कता : एका शब्दाची फसगत

गझलेत स्वतःला ‘दिवाना’ म्हणवून घ्यायला आम्हा कवींना आवडते. गल्लीत मात्र ज्याला दिवाना म्हणतात, त्याच्या मागे पोरे खडे घेऊन धावतात. शब्द एकच, पण एकाला दाद मिळते आणि दुसऱ्याला घरचेही लपवून ठेवतात.

१९०८ साली स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी एका आजाराला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ दुभंगलेले मन. मराठीत त्याची ‘छिन्नमनस्कता’ झाली आणि एका देहात दोन माणसे, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. या आजारात विचार, भावना आणि वास्तव यांची सांगड सुटते; नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय पक्का होतो. जपानने तर २००२ साली आपल्या भाषेतले तसेच नाव बदलून टाकले. आपल्याकडे १९१२च्या कायद्यातला ‘वेडा’ १९८७च्या कायद्यात ‘मानसिक रुग्ण’ झाला आणि २०१७च्या कायद्याने त्याला उपचारांचा हक्क दिला.

सोलापुरात नाटके करीत घडलेल्या अतुल कुलकर्णींनी २००४च्या ‘देवराई’ चित्रपटात असाच रुग्ण, शेष, उभा केला. त्याला पाहताना भीती नव्हे, माया वाटते. आपल्या गल्लीतल्या शेषलाही त्याच्या नावाने हाक मारू या आणि वेळेवर डॉक्टरांकडे नेऊ या.