दिवस ओळखणारी काळी कांडी

संक्रांतीला काळं नेसावं, काळा रंग ऊन धरून ठेवतो, हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगते. एवढ्याच भांडवलावर स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी 1907 साली एक झडप तयार केली आणि दीपगृहाच्या दिव्याला रात्र-दिवस कळायला लागले. त्या दिव्यापाशी माणूस नव्हता, वीज नव्हती, घड्याळसुद्धा नव्हतं. तरी अंधार पडला की तो लागायचा आणि उजाडलं की मालवायचा. आपोआप चालणाऱ्या दीपगृहाचं कूळ शोधत मागे गेलं, की वाट याच झडपेपाशी येते.

दालेन शेतकऱ्याच्या घरातले, जन्म 1869 चा. घरी दूधदुभतं होतं, म्हणून तरुणपणी त्यांनी दुधातलं फॅट मोजायचं उपकरण बनवलं आणि ते थेट गुस्ताफ द लावाल यांना नेऊन दाखवलं. लावाल म्हणजे दुधातून साय वेगळी काढणाऱ्या यंत्राचे कर्ते. त्यांनी या पोराला आधी शिकून घे असं सुचवलं. फॅट लागण्यावरून डेअरीवर रोज हुज्जत घालणाऱ्या आपल्या गावांना हा माणूस परका वाटू नये. शिकून तो 1896 साली इंजिनिअर झाला.

स्टॉकहोमला समुद्रातून जायचं तर वाटेत हजारो बेटं आणि खडक. प्रत्येकावर बत्तीवाला ठेवायचा कुठून? रॉकेलच्या दिव्याला वात कापायला, काच पुसायला माणूस लागतोच. ॲसिटिलीन वायूची ज्योत मात्र लख्ख पांढरी, आणि वायू करायला सोपा: कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की झालं. आंब्याच्या पेटीत चोरून ठेवलेल्या कार्बाइडच्या पुड्या हवेतल्या ओलाव्यानं हाच वायू सोडतात. फळ पिवळं होतं, गोडी येत नाही ती नाहीच.

पण हा वायू मोठा तापट. नुसता दाबून टाकीत भरला तर धक्क्यानंही फुटायचा. ॲसिटोन या द्रवात तो भरपूर विरघळतो हे आधीच कळलेलं होतं. पण वायू वापरला गेला की टाकीत मोकळी जागा तयार होई, आणि धोका तिथेच. दालेन यांनी टाकी सच्छिद्र लगद्यानं ठासून भरली. ॲसिटोन लगद्यात मुरलं, वायू ॲसिटोनमध्ये. टाकी हाताळण्याजोगी झाली, खडकावर नेऊन ठेवता आली.

इथून पुढची गोष्ट काटकसरीची आहे, आणि मला तीच खरी गोष्ट वाटते. बत्तीवाल्याला घरी पाठवायला कुणी निघालं होतं असं वाटत नाही. टाकीतला वायू पुरवून पुरवून वापरायचा होता. पहिली युक्ती लुकलुकण्याची. वायूच्याच दाबानं एक पडदा उचलला जाई, मुख्य बर्नरला वायूचा एक घोट मिळे, शेजारच्या बारीक ज्योतीवर तो पेटे आणि पडदा पुन्हा मिटे. दिवा सतत जळण्याऐवजी क्षणभर चमकू लागला, तसा नऊ-दशांश वायू वाचला. शिवाय चमकण्याची लय ठरवता आली, म्हणजे खलाशाला हा दिवा कुठला तेही ओळखता आलं.

मग राहिला दिवसाचा खर्च. भर उन्हात दिवा कशाला चमकवायचा? झडपेत चार कांड्या होत्या, तीन चकचकीत, मधली काळी. हवा तापली किंवा गारठली तर चारही सारख्याच वाढतात, सारख्याच आखडतात, त्यामुळे झडप जागची हलत नाही. उजेड मात्र चकचकीत कांड्यांवरून परततो आणि काळी तो पिऊन टाकते. ती इतरांपेक्षा किंचित जास्त लांबते आणि तेवढ्या फरकानं वायूची वाट बंद होते. संध्याकाळी ती निवून आखडते, वाट उघडते. मला यातली खरी अक्कल त्या तीन निकामी दिसणाऱ्या कांड्यांत दिसते. त्या नसत्या, तर झडपेला ऊन आणि उकाडा यांतला फरक कळलाच नसता. भरदिवसा आभाळ काळंकुट्ट झालं तरी दिवा लागायचा. हे घड्याळाला जमलं नसतं.

सगळं जुळल्यावर असा दिवा महिनोन् महिने, पुढे तर वर्षभरसुद्धा, कुणी फिरकलं नाही तरी चालू लागला. पनामा कालव्याच्या दिव्यांचं कामही दालेन यांच्या ‘आगा’ कंपनीकडे आलं. बत्तीवाल्यांची पिढी लगेच संपली नाही. इंग्लंडमधलं नॉर्थ फोरलँड दीपगृह 1998 पर्यंत माणसाच्या हाती होतं. तोवर वीज आणि फोटोसेल आले होते, आणि काळी कांडी जुनी झाली होती.

1912 साली टाक्यांची चाचणी घेताना ॲसिटिलीनचा स्फोट झाला आणि दालेन यांची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते घ्यायला भाऊ अल्बिन गेले, जे स्वतः डोळ्यांचे डॉक्टर होते. पुढची पंचवीस वर्षं, 1937 साली मरेपर्यंत, दालेन यांनी न दिसता कंपनी चालवली. घरी बसून असताना पत्नीची चुलीपाशी चाललेली दमछाक त्यांच्या लक्षात आली आणि 1922 साली त्यांनी ‘आगा’ नावाची जाड ओतीव लोखंडाची चूल तयार केली. तीही काटकसरीचीच: थोड्या कोळशावर धुमसायची आणि उष्णता पोटात साठवून ठेवायची. फरक एवढाच की ही चूल दिवसरात्र पेटतीच ठेवायची होती.