कॅसेट गेली, सीडी गेली. आपला इतिहास कुठे आहे?



नगर जिल्ह्यातल्या वस्त्यांवर काम करताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जुन्या कार्यकर्त्याच्या घरी माळ्यावर किंवा पेटीत व्हिडिओ कॅसेट असतात. वर पेनाने लिहिलेले असते: जयंती, धम्मदीक्षा, मोर्चा, लग्न. कॅसेट आहे, पण ती लावायला व्हीसीआर नाही. टेपवर पांढरी बुरशी चढलेली. घरातली पोरे विचारतात, "हे टाकून देऊ का?" हा लेख त्या पोरांसाठी आहे.

आधी हे यंत्रांचे भांडण समजून घेऊ. १९७५ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने बीटामॅक्स बाजारात आणले. पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस आणले. बीटामॅक्सचे चित्र अधिक चांगले, असे बहुतेक जाणकार सांगत. तरी ते हरले. कारण सुरुवातीच्या बीटा कॅसेटमध्ये एकच तास मावायचा, व्हीएचएसमध्ये दोन तास, म्हणजे एक अख्खा सिनेमा. शिवाय जेव्हीसीने आपले तंत्र इतर अनेक कंपन्यांना वापरू दिले, त्यामुळे व्हीएचएसची यंत्रे जास्त निघाली आणि स्वस्त झाली. यातून एक गोष्ट लक्षात ठेवू: जो माल जास्त लोकांपर्यंत, कमी पैशात पोहोचतो, तो टिकतो. दर्जा हे त्यातले एक कारण असते, एकमेव नाही.

भारतात १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत दूरदर्शन आले आणि त्यानंतर व्हीसीआर पसरू लागला. तो विकत घेणे आपल्या वस्तीच्या ऐपतीबाहेरचे होते. मग पट्टी गोळा करायची, टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, आणि समाजमंदिरापुढे रात्रभर दोन-तीन सिनेमे बघायचे. पण व्हीएचएसची खरी देणगी वेगळी होती. त्यावर आपल्याला आपले चित्रण करता येत होते. विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. या लढ्याच्या उत्तरार्धात व्हिडिओ कॅमेरा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला होता. लग्नाचे शूटिंग करणारा फोटोग्राफरच जयंतीची मिरवणूक टिपायचा. ज्या सभेची बातमी चार ओळींचीही होत नव्हती, तिचे तीन तासांचे चित्रण कुणाच्या तरी घरी असायचे.

नंतर व्हीसीडी आली. तिचा नमुना १९९३ मध्ये ठरला. एका तबकडीवर ७४ मिनिटे आणि चित्र साधारण व्हीएचएसच्याच दर्जाचे. युरोप-अमेरिकेने तिला फार विचारले नाही. भारतात आणि चीनमध्ये मात्र ती घरोघरी गेली, कारण तबकडी छापायला स्वस्त आणि प्लेअरही स्वस्त. भीमगीतांचे तर तिने रूपच बदलले. आधी ऑडिओ कॅसेटवर आवाज होता, आता गायक-गायिका दिसू लागल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी व्हीसीडींचे ढीग लागले. नगरहून गेलेला माणूस येताना पुस्तक, मूर्ती आणि दोन-चार सीडी घेऊन यायचा.

डीव्हीडी १९९६ पासून जगात होती, पण आपल्याकडे ती उशिरा परवडू लागली. मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा भाड्याने कॅसेट देणारी दुकाने आणखी ओस पडली. दहा-अकरा वर्षांत ती कंपनीही दिवाळखोरीत गेली. मेमरी कार्ड आले आणि मोबाईलच्या दुकानात गाणी भरून मिळू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि कार्डही मागे पडले. त्याच वर्षी जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले.

आता काही जण म्हणतील, "यात रडण्यासारखे काय? आता सगळे यूट्यूबवर आहे." हा समज घातक आहे. बाजारातला सिनेमा प्रत्येक नव्या यंत्रावर पुन्हा विकला जातो, कारण त्यात कंपनीचा फायदा असतो. जब्बार पटेलांचा बाबासाहेबांवरचा चित्रपट किंवा आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' आज शोधला तर सापडेल. पण श्रीगोंदा, जामखेड किंवा राहुरीच्या एखाद्या वस्तीतल्या सभेची कॅसेट एकच आहे. ती नव्या रूपात आणण्यात कुठल्याही कंपनीचा फायदा नाही. ती गेली की गेली. आणि यूट्यूब हेही एका कंपनीचे दुकान आहे. नियम तिचे, दुकान बंद करण्याचा अधिकारही तिचाच.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' आणि स्वतःचा छापखाना, हा सगळा खटाटोप त्यांनी कशासाठी केला? आपले साधन आपल्या हातात असावे म्हणून.

आणि साधन हातात आले म्हणून संघर्ष संपत नाही, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. वाद सुरू झाला तो त्याच्या मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून. वस्तीत वाजणारी कॅसेट त्यांनी कशीबशी सहन केली होती. तेच गाणे तरुणाच्या खिशातून गावाच्या चौकात आले तेव्हा जातीला ते सोसले नाही. यंत्र बदलते, मन आपोआप बदलत नाही. म्हणूनच आपला पुरावा आपण जपायचा.

तेव्हा कामाचे बोलू. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून थोडा भाग याकरिता काढा. गावोगावच्या कॅसेट आणि सीडी गोळा करा, पण मालकाची परवानगी घेऊन, आणि परत देण्याच्या बोलीवर. चालू स्थितीतला एक व्हीसीआर शोधा आणि तो संगणकाला जोडून चित्रण उतरवा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, घाई चालत नाही. बुरशी लागलेली कॅसेट तशीच लावू नका, यंत्राचे हेडही खराब होते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. घरी लिहिलेल्या सीडीही काही वर्षांत वाचेनाशा होतात, त्यांनाही याच यादीत धरा.

सगळ्यात महत्त्वाचे, जुन्या माणसांना आणि विशेषतः बायांना शेजारी बसवून चित्रण दाखवा. मोर्चात पुढे चालणारी ही कोण, भाषण करणारा कोण, गाव कोणते, साल कोणते, हे लिहून घ्या. नावाशिवायचे चित्र म्हणजे पुन्हा मुके माणूस. प्रती तीन ठेवा, तीन वेगळ्या ठिकाणी, आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवा.

कॅसेट वाचवता येतील, पण त्यातली माणसे ओळखणारे ज्येष्ठ दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून सुरुवात आपल्याच घरच्या पेटीपासून करू.

जय भीम! नमो बुद्धाय!