बाण थांबला, दोष कुणाचा?

माऊसचा जन्म १९६४ चा. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची; बिल इंग्लिश यांनी घडवला तो लाकडी ठोकळा, खाली काटकोनात दोन चाकं. पुढे चाकांऐवजी गोळी आली. पडद्यावरचा बाण अडला की आपण गोळी काढायचो, आतल्या रुळांवरचा मळ नखानं खरवडायचो. दोष डोळ्यांना दिसायचा. मग ऑप्टिकल माऊस आला. त्यातला इवलासा कॅमेरा टेबलाची भराभर चित्रं घेतो आणि त्यांतल्या फरकावरून हालचाल ओळखतो. काचेवर तो गोंधळतो. आता दोष दिसत नाही, शोधावा लागतो.

इथे आपले नैयायिक कामाला येतात. अन्वय-व्यतिरेक म्हणजे काय? कारण आहे तिथे कार्य आहे, कारण नाही तिथे कार्य नाही. बाण थिजला की आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागला-विझला, तर संगणक बहुधा जागा आहे. मग तोच माऊस दुसऱ्या संगणकाला लावा. तिथेही अडला तर संशय माऊसवर. चालला तर पहिल्या संगणकावर किंवा त्याच्या जोडणीवर.

मी हे न करता एक माऊस फेकून दिला. नवाही तसाच थांबला! बाण थांबला, हे प्रत्यक्ष. माऊस बिघडला, हे अनुमान. आयुष्यभर हाच फरक शिकवला आणि घरी विसरलो.