दोन घरचे दोन पंच

पालकहो, मुलीचा संसार मोडायला आला की आपल्याला दोनच वाटा दिसतात. लोक काय म्हणतील या भीतीने तिला परत पाठवायचे, नाही तर वकील गाठून कोर्टाची पायरी चढायची. या दोहोंमधली तिसरी वाट जवळजवळ चौदाशे वर्षांची जुनी आहे. तिची ओळख व्हावी म्हणून हा लेखप्रपंच.

पवित्र कुरआनाच्या चौथ्या सूरेतील 35 वी आयत पाहा. पती-पत्नींत बेबनावाची भीती वाटल्यास त्याच्या घरचा एक आणि तिच्या घरचा एक असे दोन पंच नेमावेत, असा तिचा आशय आहे. ध्यानात घ्या, मुलीची बाजू मांडणारा माणूस बैठकीत हवाच.

मदिनेतील बरीरा दास्यातून मुक्त झाली, तेव्हा गुलाम पती मुगीस याला सोडण्याचा हक्क तिला मिळाला. मुगीस रडत तिच्यामागे फिरे. हजरत पैगंबरांनी (स.) तिच्याजवळ रदबदली केली. ही आज्ञा आहे काय, असे तिने विचारले. आज्ञा नव्हे, केवळ शिफारस, असे कळताच तिने नकार दिला आणि तो नकार मानला गेला. साबित बिन कैस यांच्या पत्नीने तर पतीच्या शीलाविषयी काही तक्रार नसतानाही वेगळे होऊ इच्छिले. मेहरात मिळालेली बाग तिने परत केली व विवाह संपला. हाच खुला. दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर तो मुबारात.

पुढे पंच मागे पडले आणि एका दमात उच्चारलेला तलाक पुढे आला. पती खुला नाकारी, तेव्हा स्त्री अडकून पडे. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने तिला कोर्टाचे दार उघडून दिले. 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाने दगडू पठाण खटल्यात व सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात बजावले की, तलाकला वाजवी कारण हवे आणि आधी दोन्ही घरच्या पंचांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा. 2017 साली एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. 2021 साली केरळ उच्च न्यायालयाने खुला व मुबारात हे कोर्टाबाहेरचे मार्ग स्त्रीला मोकळे असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे आपण विसरलेली बैठक न्यायालयांनीच आपल्याला आठवून दिली!

तेव्हा पंच निवडताना वयापेक्षा समज पाहा. मेहर, इद्दतीचा खर्च, मुलांचा सांभाळ व शिक्षण हे सारे कागदावर लिहून सह्या घ्या. मात्र जेथे मारहाण आहे, तेथे बैठकीच्या नावाखाली मुलीला थोपवून धरू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्यासाठीच आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्हांलाही कुणाचे तरी पंच व्हावे लागेल. त्या दिवशी बरीरेचा प्रश्न आठवा. शिफारस जरूर करा. आज्ञा करू नका.